आजोबा कोयनेला दगड धूत होते

प्रश्न : माझे आजोबा गेल्या श्रावणात गेले. वय ८४ च्या आसपास. नक्की जन्मतारीख घरात कुणालाच ठाऊक नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी ते कोयना धरणाच्या कामावर गेले, पुढे गवंडी झाले आणि कराड-पाटण भागात कितीतरी घरं उभी केली. वर्षश्राद्धाला घरच्यांपुरती एक छोटी पुस्तिका काढावी असं मनात आहे. पण लिहायला बसले की ‘कष्टाळू, प्रेमळ, निर्व्यसनी’ याच्या पुढे पेन सरकत नाही. कामावरचा एक फोटो नाही की कागद नाही. शिवाय आजोबा नेहमी सांगायचे, ‘मी कोयनेला दगड धूत होतो.’ काका म्हणतात, हे कशाला लिहितेस, सरळ ‘कोयना धरण बांधलं’ असं लिही. काय करू?
— एक नात, कराड

उत्तर : ताई, दगड धुतले असंच लिहा. काकांना राग आला तर पुढचं वाचून दाखवा.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर म्हणून झाली. कोयनेचं काम चाललं होतं तेव्हा मी शाळेत होतो, पण दगडी धरणं पुढे पुष्कळ पाहिली. कोयनेचं धरण रबल काँक्रीटचं आहे, म्हणजे काँक्रीटमध्ये मोठमोठे दगड बसवत वर चढवलेलं. उंची १०३ मीटर, लांबी आठशे मीटरच्या वर. आता खाणीतून आलेल्या दगडाला माती असते, भुकटी असते. तो तसाच बसवला तर माल दगडाला न धरता त्या भुकटीला धरतो (माल म्हणजे सिमेंट-वाळूचं कालवण), आणि मधल्या पोकळ पदरातून पाणी वाट काढतं. म्हणून दगड घासायचा, धुवायचा आणि ओला असतानाच लावायचा. आम्ही साहेब मंडळी सिमेंट-वाळूचं प्रमाण तपासत हिंडायचो. पण धुणारं पोरगं अंगचोर निघालं तर त्या प्रमाणाला विचारतो कोण? आजोबा हे काम उगाच सांगत नव्हते. त्यातली जबाबदारी त्यांना कळलेली होती. ‘धरण बांधलं’ हे काय, त्या वेळचे मंत्रीही म्हणत असतील.

कागद नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका. ठेकेदाराचा मजूर खात्याच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, येतच नसे. मुकादमाच्या वहीत त्याचा अंगठा, आणि ती वही कधीच रद्दीत. बांधकाम कामगारांची नोंदणी करणारा कायदा आला १९९६ मध्ये, महाराष्ट्राचे त्याचे नियम २००७ मध्ये, आणि नोंदणीला वयाची अट साठपर्यंत. तोवर तुमचे आजोबा सदुसष्टीच्या आसपास पोचले होते. म्हणजे सरकारदरबारी हा माणूस गवंडी म्हणून कधी नव्हताच.

तेव्हा वर्षं लावायची ती मोठ्या घटनांवरून. १२ जुलै १९६१ ला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं, तेव्हा धरणावरच्या मजुरांत काय बोलणं झालं असेल? कोयना १९६४ मध्ये पुरी झाली, आजोबा चोविशीच्या आसपास. मग ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते कोयनानगरला होते की गावी? हे नक्की शोधा. भूकंपाने धरणाला तडे गेले, ते बुजवले, पुढे खालच्या अंगाला काँक्रीटचे जाडजूड टेकू दिले. तेव्हाही माणसं लागली होती. ते परत गेले असतील तर पुस्तिकेत वेगळं प्रकरण होईल. आणि १९७२ च्या दुष्काळात घरं कोण बांधत होतं? कितीतरी गवंड्यांनी त्या साली थापी ठेवून दुष्काळी कामावर खडी फोडली, तिथे मिळणारी सुकडी (पिठाचा कोरडा खाऊ) खाल्ली. आजोबांचं काय झालं, विचारा.

कुणाला विचारायचं? तुमच्या पत्रात आजीचा एका अक्षरानेही उल्लेख नाही, हे मला खटकलं. गवंड्याच्या हाताखाली बऱ्याचदा घरचीच माणसं असायची. माल कालवून घमेली उचलून द्यायला आजी होत्या का? पोरं कुठे झोपवायच्या, झोळी कशाला बांधायच्या? आजी नसतील तर त्यांच्या बहिणी-जावा असतील. पुरुषांकडून तुम्हाला हजेरीचा दर कळेल. शनिवारचा पगार बाजारात कसा संपायचा ते बायकाच सांगतील.

दुसरा माणूस म्हणजे आजोबांचा एखादा जुना बिगारी. त्याला ‘स्वभाव कसा होता’ असं विचारू नका, तो ‘देवमाणूस’ म्हणेल आणि चहा संपेल. सकाळी आल्यावर आधी काय करायचे ते विचारा. विटा भिजत घातल्या नसतील तर काय म्हणायचे? थर सरळ ठेवायला ताणलेल्या लाइनदोरीवर विश्वास ठेवायचे की दर थराला ओळंबा (भिंत उभी सरळ आहे का ते पाहायचं दोरीला बांधलेलं वजन) सोडायचे? मालकाने घाई केली, सिमेंट कमी घाल म्हणाला, तर? शिव्या निघतील. त्याही लिहा; निदान दोन. शोकसभेच्या फ्लेक्सवर सगळे पुरुष निर्व्यसनी असतात, तुमच्या पुस्तिकेत तसं नको.

शक्य असेल तर त्याच बिगाऱ्याला गाडीत घेऊन त्यांनी बांधलेल्या घरांपैकी तीन-चार पाहून या. कोपरे नीट बघा. खिडकीवरचा कोनाडा, देवळीचा कमानीसारखा माथा, ओट्याची गोलाई, असं काही सगळ्या घरांत सारखं दिसलं तर ती त्यांची सही समजा आणि फोटो काढा. घरमालकाची परवानगी मात्र घ्या.

त्यांचा फोटो नाही तर मुखपृष्ठावर थापी आणि ओळंबा चालेल. तेलपाणी करून चकाचक करू नका. थापीची कड कुठल्या बाजूने झिजली ते दिसू द्या, डावखुरे होते का तेही त्यावरून समजेल. आणि छापायला देण्याआधी सगळं लिखाण त्या बिगाऱ्याला वाचून दाखवा. चुका काकांपेक्षा तो जास्त काढेल.