अर्हतेच्या वादात आधी नियमाची प्रत

प्रिय,

जिल्हा परिषदेच्या भरतीत अपात्र ठरवलेल्या तुझ्या अशिलाच्या याचिकेचा मसुदा वाचला. अर्ध्याहून जास्त पानं अशील किती हुशार आहे, गुणवत्ता यादीत कितवा आहे आणि त्याची पदवी पदविकेपेक्षा किती वरची आहे यावर खर्च झाली आहेत. ती काढून टाक. न्यायालय यातलं काही विचारत नाही. ते एवढंच पाहतं, की त्या पदाच्या सेवाप्रवेश नियमात, म्हणजे भरतीच्या नियमात, लिहिलेली अर्हता ठरलेल्या तारखेला उमेदवाराकडे होती का. नेमकी ही दोन कागदपत्रं, नियमाची प्रत आणि तारखांचा पुरावा, तुझ्या जोडपत्रांत नाहीत.

तू सगळीकडे जाहिरात उद्धृत केली आहेस. जाहिरात म्हणजे नियम नव्हे. राज्य शासनाच्या पदांसाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०९ खाली केलेले सेवाप्रवेश नियम असतात, तर जिल्हा परिषदेच्या पदांसाठी १९६७ चे जिल्हा सेवा (सेवाप्रवेश) नियम. या नियमांत वेळोवेळी सुधारणा होतात, म्हणून जाहिरातीच्या दिवशी लागू असलेली प्रत मिळव. संकेतस्थळावरची जुनी पीडीएफ चालणार नाही. नियमात जिथे पोकळी आहे तिथे शासन निर्णय ती भरू शकतो, पण नियमाने सांगितलेलं खोडू शकत नाही. हे संत राम शर्मा प्रकरणापासून, म्हणजे १९६७ पासून ठरलेलं आहे. जाहिरातीने नियमात नसलेली जादा अट घातली असेल तर तो तुझा सगळ्यात भक्कम मुद्दा. उलट जाहिरात कडक असूनही निवड समितीने कुणा एकाला सूट दिली असेल, तर त्यावर आपला युक्तिवाद बेतू नकोस. त्रिपुरा सुंदरी देवी प्रकरणात (१९९०) सर्वोच्च न्यायालयाने अशी नेमणूक म्हणजे जनतेची फसवणूक असं म्हटलं, कारण तेवढीच कमी अर्हता असलेल्या इतरांनी जाहिरात वाचून अर्जच केलेला नसतो.

नियम हातात आला की शब्द न् शब्द वाच. सगळा खेळ ‘किंवा’, ‘व’ आणि ‘प्राधान्य’ या तीन शब्दांत असतो. जिल्हा परिषदेच्या औषध निर्माण अधिकाऱ्याची अर्हता बघ: औषधनिर्माणशास्त्रातली पदवी किंवा पदविका, व १९४८ च्या फार्मसी अधिनियमाखाली नोंदणी. ‘किंवा’मुळे पदवीधर आत येतो, ‘व’मुळे नोंदणी नसलेला पदवीधर बाहेर जातो. बिहारच्या औषधनिर्माता संवर्गाच्या नियमात किमान अर्हता पदविकाच होती. तिथे बी. फार्म. झालेले उमेदवार न्यायालयात गेले आणि पाटणा उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये पदविकेची अट वैध ठरवली. पदवी तीच, पण नियम वेगळा म्हणून निकाल वेगळा.

‘प्राधान्य’ हा तर फसवाच शब्द. महाराष्ट्रातल्या औषध निरीक्षक आणि सहायक आयुक्त (औषधे) पदांच्या वादात (संदीप वराडे प्रकरण, २०१९) औषधांच्या निर्मितीचा किंवा चाचणीचा अनुभव आवश्यक होता आणि संशोधनाच्या अनुभवाला प्राधान्य होतं. संशोधनवाल्यांचं म्हणणं, आम्हीही पात्र. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. आधी आवश्यक अर्हता पूर्ण व्हायला हवी, प्राधान्याचा विचार त्यानंतर. कोणती अर्हता आवश्यक हे नेमणूक करणारा ठरवतो आणि समकक्षता, म्हणजे एक अर्हता दुसरीच्या बरोबरीची आहे का, हे ठरवणं न्यायालयाचं काम नाही, असंही त्याच निकालात आहे.

समकक्षतेवर तू चार पानं लिहिली आहेस, दोन अभ्यासक्रमांच्या विषयांचा तक्ताही दिला आहेस. तक्ता सुबक आहे, उपयोग शून्य. असा तक्ता तपासायला न्यायालय बसत नाही. ते विचारतं, समकक्षतेचा आदेश कुणाचा, आणि कधीचा? विद्यापीठाचं पत्र एक, नोंदणी करणाऱ्या फार्मसी परिषदेचं दुसरं आणि नेमणूक करणाऱ्या विभागाचा शासन निर्णय तिसरा, वजन तिसऱ्याला. तो नसेल तर विभागाने समकक्षतेचा निर्णय मुदतीत घ्यावा एवढीच मागणी कर. ‘वरची पदवी म्हणजे खालची आलीच’ या युक्तिवादासाठी सगळे ज्योती के. के. हा केरळमधल्या भरतीवरचा निकाल (२०१०) दाखवतात. पण केरळच्या नियमात तशी तरतूदच होती. जहूर अहमद राथर प्रकरणात (२०१८) न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला. आपल्या नियमात तसं वाक्य नसेल, तर ज्योती के. के. समोरच्याच्या हातातलं हत्यार होतं.

आता तारखा. एका कागदावर पाच तारखा एकाखाली एक लिही: परीक्षा, निकाल, प्रमाणपत्र, फार्मसी परिषदेकडची नोंदणी आणि अर्जाची शेवटची तारीख. पात्रता कोणत्या तारखेला मोजायची हे आधी नियम सांगतो, तो गप्प असेल तर जाहिरात, आणि तीही गप्प असेल तर अर्जाची शेवटची तारीख धरतात (भूपिंदरपाल सिंग, २०००). निकालच त्या तारखेनंतर लागला असेल तर प्रकरण जवळजवळ संपलं. मुलाखतीआधी लागला होता हा बचाव अशोक कुमार शर्मा प्रकरणात १९९७ मध्ये फेटाळला गेला. पण अर्हता आधी मिळाली होती आणि फक्त कागद उशिरा दिला, तर गोष्ट वेगळी. चार्ल्स स्कारिया प्रकरणाने (१९८०) अर्हता असणं आणि तिचा पुरावा देणं या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत. यादीत तुझ्या अशिलाच्या नावापुढे शेरा आहे ‘अपात्र, नोंदणी प्रमाणपत्र नाही’. नोंदणी झालीच नव्हती, की झाली होती पण प्रत पडताळणीला नेली नाही? मसुद्यात याचं उत्तर कुठेच नाही, आणि सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. फार्मसी परिषदेच्या नोंदवहीतल्या नोंदीचा दाखला आण.

दाद कुठे मागायची तेही चुकलं आहे. आरोग्य सेवेतलं राज्य शासनाचं पद असतं तर मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण: मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर. जिल्हा परिषदेचं पद असल्यामुळे उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका. मॅटमध्ये एक वर्षाची मुदत असते. निवेदनाला उत्तर आलं नाही तर सहा महिने थांबून पुढचं एक वर्ष. रिटला ठरीव मुदत नाही, पण विलंब नडतोच. निवेदनावर निवेदनं देत राहिल्याने मुदत वाढत नाही, हे अशिलाला आजच सांग. माहिती अधिकारात पडताळणी समितीचं इतिवृत्त जरूर माग, मात्र त्याच्या ३० दिवसांसाठी याचिका अडवू नकोस. नेमणूकपत्रं निघाली की हातात फार थोडं उरतं.

निवडलेल्यांपैकी ज्यांच्या जागेला धक्का बसेल, त्यांना प्रतिवादी कर. नाही तर पहिल्याच तारखेला हरकत येते. अंतरिम मागणीत सगळी भरती थांबवायला सांगू नकोस. त्या प्रवर्गातलं एक पद रिक्त ठेवा, एवढं माग. ते मिळण्याजोगं आहे. मुख्य मागणी ‘नेमणूक द्या’ नको, ‘पात्र धरून विचार करा’ अशी हवी, कारण निवड यादीत नाव असलं तरी नेमणुकीचा हक्क आपोआप मिळत नाही (शंकरसन दाश, १९९१). ‘मागच्या भरतीत अशाच उमेदवाराला घेतलं होतं’ हा परिच्छेदही काढ. आधीची चूक पुन्हा करा असा आदेश मिळत नाही.

भरतीत भाग घेतल्यावर अट कशी आव्हानित करता, असं समोरून विचारतील. त्यासाठी मीता सहाय निकाल (२०१९) जोड. तोही आरोग्य खात्याचाच: बिहारमधली वैद्यकीय अधिकाऱ्यांची भरती आणि सैन्याच्या रुग्णालयातला अनुभव मोजायचा का हा वाद. भाग घेणारा उमेदवार प्रक्रिया मान्य करतो, तिच्यातली बेकायदेशीरता नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं आहे.

फाईल परत पाठवतो आहे. फार्मसी परिषदेचा दाखला आणि नियमाची प्रमाणित प्रत आल्याशिवाय नवा मसुदा टंकायला घेऊ नकोस.

तुझा,
दादा