वाचक विचारतात : हिल रोडवरची दोन चर्चं, दमणचे बिशप आणि आजोबांचा बाप्तिस्मा

मागच्या अंकात मुंबईच्या कॅथलिक महाधर्मप्रांताबद्दल (बिशपच्या कारभाराचा भाग तो धर्मप्रांत, आर्चबिशपचा तो महाधर्मप्रांत) चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. सगळ्यांना उत्तरं देणं या पानांत बसणार नाही. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेच घेते.

ताई, वांद्र्याच्या हिल रोडवर सेंट अँड्र्यूज आणि सेंट पीटर्स ही दोन कॅथलिक चर्चं चालत जाता येईल इतकी जवळ आहेत. पंथ एक, पोप एक, मग दोन कशाला? आमच्या घरातले जुने लोक ‘ते त्यांचं, हे आमचं’ असंही म्हणायचे. – एक वाचक, वांद्रे

तुमच्या घरातले जुने लोक अगदी बरोबर बोलत होते. एका काळी या दोन चर्चांचे बिशपच वेगळे होते.

सुरुवात पोर्तुगालच्या राजापासून करावी लागते. पोर्तुगीजांनी जिंकलेल्या मुलखात चर्चं बांधायची, धर्मगुरूंचा खर्च उचलायचा, आणि त्या बदल्यात बिशप कोण असावा हे राजाने सुचवायचं, असा हक्क पोपनी त्याला दिला होता. याला पाद्रोआदो म्हणत. गोवा हे त्याचं मुख्य ठाणं. वसई, साष्टी (इथे गोव्याची सासष्टी नव्हे, वांद्र्यापासून घोडबंदरापर्यंतचं आपलं बेट) आणि मुंबई हे सगळं गोव्याच्या आर्चबिशपांच्या हाताखाली होतं. पण सतराव्या शतकापर्यंत पोर्तुगालची ताकद ओसरली आणि राजाच्या मर्जीवर आशियातला धर्मप्रसार चालू ठेवणं रोमला पटेना. १६२२ साली रोमने प्रोपगंडा फिदे हे स्वतःचं खातं काढलं. त्या खात्यामार्फत थेट पोपच्या नावाने काम करणारे व्हिकर अपोस्टॉलिक नेमले जाऊ लागले. आपल्या भागात आलेले पहिले होते मातेउश द कास्त्रो. गोव्यातल्या दिवाडी बेटावरचा हा ब्राह्मण घरातला मुलगा, गोव्याच्या आर्चबिशपांनी धर्मगुरू करायला नकार दिला म्हणून रोमला गेला, आणि १६३७ मध्ये बिशप होऊन विजापूरच्या आदिलशाही मुलखासाठी नेमला गेला. त्यांनी ठाणं केलं डिचोलीला, म्हणजे गोव्याच्या उंबरठ्यावर, पण पोर्तुगीज हद्दीबाहेर. मुंबईच्या आजच्या महाधर्मप्रांताची वंशावळ इथपर्यंत जाते, हे मला फार मोलाचं वाटतं.

मुंबई १६६५ मध्ये पोर्तुगीजांकडून इंग्रजांकडे आली, पण बेटावरचे फ्रान्सिस्कन संघाचे पाद्री पोर्तुगीजच राहिले आणि त्यांचा वरिष्ठ गोव्यात. खाडीपलीकडे साष्टीत पोर्तुगीज सत्ता. इंग्रजांना आपल्या बेटावर दुसऱ्या राज्याला बांधलेली माणसं नको होती. १७२० मध्ये त्यांनी फ्रान्सिस्कनांना बाहेर काढलं आणि कार्मेलाईट पंथाच्या व्हिकर अपोस्टॉलिकना आणलं. गोव्याने हे कधीच मान्य केलं नाही. १७८९ मध्ये सरकारने चर्चं पुन्हा गोव्याच्या आर्चबिशपांना दिली, १७९१ मध्ये परत काढून घेतली, आणि १७९४ मध्ये शेवटी बेटावरच्या चार धर्मग्रामांची (एकेका चर्चच्या हद्दीची) वाटणी केली : दोन गोव्याची, दोन व्हिकर अपोस्टॉलिकची. त्या वर्षापासून मुंबईत दुहेरी अधिकार सुरू झाला.

पुढची शंभराहून जास्त वर्षं या भांडणात गेली. १८३८ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी पाद्रोआदोचा अधिकार ब्रिटिश मुलखात जवळजवळ संपवला, आणि गोव्याच्या बाजूच्या धर्मगुरूंनी तो हुकूम मानायचं नाकारलं. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये व्हिकर अपोस्टॉलिक अनास्तासियुस हार्टमन यांनी स्वतःला कोंडून घेतलं, कारण चर्च गोव्याच्या बाजूकडे जायला नको होतं. हा कापुचिन संघाचा स्विस बिशप आत आणि विरोधी गटातले त्याचेच कॅथलिक बाहेर वेढा घालून. अखेर सरकारी अधिकारी मध्ये पडले आणि चर्च गोव्याकडे गेलं. याच हार्टमननी १८५० मध्ये कॅथलिक एक्झामिनर हे साप्ताहिक सुरू केलं होतं. ते आजही महाधर्मप्रांताचं मुखपत्र म्हणून निघतं.

तर वांद्रे. सेंट अँड्र्यूज हे सोळाव्या शतकातलं, जेझुइट संघाच्या धर्मगुरूंनी बांधलेलं, पुढे गोव्याच्या बाजूचं. सेंट पीटर्स हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात प्रोपगंडाच्या बाजूने उभं राहिलेलं. शेजारचं सेंट स्टॅनिस्लॉस हायस्कूलही त्याच बाजूच्या जेझुइटांचं, १८६३ चं. तुम्ही कुठे राहता यापेक्षा तुमचं कुटुंब कोणत्या बाजूचं, यावर तुमचं चर्च ठरायचं. एकाच गल्लीतली दोन घरं रविवारी दोन वेगळ्या बिशपांच्या चर्चमध्ये जात. प्रार्थना तीच, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) तीच, लॅटिनही तेच. श्रद्धेबद्दल कधीच वाद नव्हता. वाद होता बिशप कोणी नेमायचा याचा, आणि त्या पायी भावाभावांनी एकमेकांच्या लग्नाला जाणं टाळलं असेल, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग हे संपलं कधी? आणि ‘दमणचे बिशप’ हा काय प्रकार? आजीच्या तोंडी हे नाव असायचं. – एक वाचिका, मालाड

१ सप्टेंबर १८८६ रोजी पोप तेरावे लिओ यांनी भारतात बिशपांची रीतसर उतरंड स्थापन केली. मुंबई महाधर्मप्रांत झाली, पुणे धर्मप्रांत झालं. पण त्याच वर्षी पोर्तुगालशी झालेल्या करारात गोव्याच्या बाजूसाठी दमणचा वेगळा धर्मप्रांत निघाला. साष्टी आणि वसईतले बहुसंख्य कॅथलिक, शिवाय मुंबई शहरातली पाद्रोआदोची चर्चं दमणच्या बिशपांकडे गेली. म्हणजे मालाडचा माणूस मुंबईच्या आर्चबिशपांचा नव्हता, दमणच्या बिशपांचा होता. मी उत्तनची. आमच्याकडेही तेच.

१५ एप्रिल १९२८ रोजी रोम आणि पोर्तुगाल यांच्यात नवा करार झाला. दमणचा धर्मप्रांत मोडला आणि साष्टी-वसई मुंबईत आली. त्यासाठी मोजलेली किंमत मात्र विचित्र होती : मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. त्याआधीचे आर्चबिशप आल्बन गुडिअर यांनी या ओढाताणीत १९२६ मध्ये राजीनामा दिला होता. १९२८ मध्ये पोर्तुगीज जेझुइट जोआकिम लिमा आले, १९३७ मध्ये लिव्हरपूलहून इंग्रज जेझुइट थॉमस रॉबर्ट्स.

रॉबर्ट्स यांच्याबद्दल दोन वाक्यं जास्त लिहिणारच. पाळीच्या नियमाने त्यांच्यानंतर पोर्तुगीज यायला हवा होता. त्यांना दिसत होतं की ज्या देशाला स्वातंत्र्य मिळतंय त्याच्या सर्वांत मोठ्या बंदराच्या शहरात आर्चबिशप परदेशी असणं योग्य नाही. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस हे त्यांचे सहायक बिशप झाले. कराचीत जन्मलेले, मूळ गोव्याच्या घरातले. रॉबर्ट्स स्वतः भारताबाहेर निघून गेले आणि कारभार ग्रेशस यांच्या हाती सोपवून दिला. नावाला पद आपल्याकडे ठेवून जागा मात्र मोकळी करून दिली. जुलै १९५० मध्ये पोर्तुगालने पाळीचा हक्क सोडला, डिसेंबरात रॉबर्ट्स यांचा राजीनामा झाला, आणि ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. जानेवारी १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनल. स्वतःची खुर्ची इतक्या शहाणपणाने रिकामी करणारा अधिकारी मला इतिहासात फारसा भेटलेला नाही.

१९६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ओव्हल मैदानावर आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद (मिस्सेतल्या पवित्र भाकरीच्या भक्तीसाठीचा जगभरच्या कॅथलिकांचा मेळावा) भरली, पोप सहावे पॉल आले, ते याच ग्रेशस यांच्या काळात.

वसई मुंबईपासून वेगळी का केली? आणि वसई साधा धर्मप्रांत असताना बिशप फेलिक्स मच्याडो यांना आर्चबिशप का म्हणत? – एक वाचक, नालासोपारा

वसईचा धर्मप्रांत २२ मे १९९८ रोजी झाला, पहिले बिशप थॉमस डाबरे. कारण सरळ होतं. खाडीच्या पलीकडे मराठी बोलणारे, शेती-बागायत-मासेमारीवरचे कॅथलिक हजारोंनी, आणि त्यांचा कारभार कुलाब्यातून इंग्रजीत. वसईला आपला बिशप, आपली मराठी मिस्सा, आपली मराठी धर्मशिक्षणाची पुस्तकं हवी होती. ती मिळाली आणि त्याचा परिणाम दिसतो. हद्द मात्र खाडीवर थांबली. उत्तन, डोंगरी, गोराई मुंबईतच राहिली. बोली सारखी असूनही बिशप वेगळे, हे आम्हाला थोडं सलतं. मुंबई शहरात रविवारची मराठी मिस्सा शोधावी लागते आणि ती ज्या चर्चमध्ये आहे तिथेही बहुतेकदा गैरसोयीच्या वेळेला असते. ईस्ट इंडियन लोक या बेटांवरचे सर्वांत जुने कॅथलिक. त्यांची बोली मराठी. तिला वेदीवर जागा मिळावी ही माझी मागणी जुनी आहे आणि ती मी सोडणार नाही.

आर्चबिशप मच्याडो यांचं उत्तर सोपं आहे. ही पदवी व्यक्तीला दिलेली होती, वसईला नव्हे. ते २००९ मध्ये नाशिकहून वसईला आले तेव्हा पोपनी त्यांना वैयक्तिक मान म्हणून ती दिली. त्यांच्यानंतर २०२४ मध्ये आलेले थॉमस डिसोजा बिशप आहेत.

पुण्याचे बिशप मुंबईच्या आर्चबिशपांच्या हाताखाली असतात का? कार्डिनल म्हणजे त्याहून वरची पायरी का? – एक वाचिका, पुणे

नाही, हाताखाली नाहीत. मुंबईच्या प्रांतात, म्हणजे शेजारच्या धर्मप्रांतांच्या गटात, मुंबईसह पुणे, नाशिक, वसई हे धर्मप्रांत येतात. (सिंधुदुर्ग २००५ मध्ये पुण्यातून निघाला, पण तो गोव्याच्या प्रांतात आहे.) प्रत्येक बिशप थेट पोपना जबाबदार. आर्चबिशपांना प्रांतप्रमुख म्हणून पॅलियम ही लोकरीची पट्टी मिळते, त्यांनी प्रांतात श्रद्धा आणि शिस्तीवर लक्ष ठेवायचं, काही बिघडलं तर रोमला कळवायचं. शेजारचा धर्मप्रांत रिकामा पडला आणि तिथल्या सल्लागार धर्मगुरूंनी आठ दिवसांत प्रशासक निवडला नाही, तर तो आर्चबिशप नेमतात. पुण्याच्या धर्मगुरूची बदली मात्र ते करू शकत नाहीत.

कार्डिनल हा पोपचा सल्लागार. वय ८० च्या आत असेल तर नवा पोप निवडायला मत देता येतं. म्हणून कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांना मे २०२५ च्या निवडणुकीत मत नव्हतं. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांची ८० वर्षं पूर्ण झाली होती. बिशपांनी ७५ व्या वर्षी राजीनामा द्यायचा असतो, पण तो स्वीकारायचा केव्हा हे पोप ठरवतात. त्यांच्या बाबतीत तो जानेवारी २०२५ मध्ये स्वीकारला गेला. त्यांच्या जागी जॉन रॉड्रिग्स आले. ते त्याआधी पुण्याचेच बिशप होते आणि नोव्हेंबर २०२४ मध्येच वारसाहक्कासह सह-आर्चबिशप म्हणून नेमले गेले होते, त्यामुळे खुर्ची एक दिवसही रिकामी राहिली नाही.

आमचे मल्याळी शेजारीही कॅथलिक आहेत, पण त्यांचे बिशप कल्याणचे. हे कसं? – एक वाचक, डोंबिवली

ते सिरो-मलबार परंपरेचे. पोप तेच, उपासनेची पद्धत वेगळी. महाराष्ट्रात आलेल्या त्या समाजासाठी १९८८ मध्ये कल्याणचा धर्मप्रांत झाला. एकाच जागेवर दोन बिशप असले तरी १७९४ सारखं भांडण इथे नाही, कारण दोघांची माणसं आणि विधी आधीच ठरलेले आहेत.

माझ्या आजोबांचा बाप्तिस्मा १९१० च्या सुमारास ठाण्याच्या बाजूला झाला. दाखला कुठे मिळेल? कुलाब्याला आर्चबिशप हाऊसला अर्ज करू का? – एक वाचक, ठाणे

कुलाब्याला जाऊ नका, आधी चर्चमध्ये जा. बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू यांच्या नोंदवह्या धर्मग्रामाच्या कचेरीतच ठेवायच्या असा चर्चचा कायदा आहे. मी आमच्या चर्चच्या कचेरीत या वह्या वर्षानुवर्षं हाताळल्या आहेत, म्हणून अनुभवाचं सांगते.

आधी आजोबांचं गाव कोणत्या चर्चखाली होतं ते १९१० चं शोधा, आजचं नाही. आज सुमारे १२० धर्मग्रामं आहेत आणि त्यातली बरीच जुन्या मोठ्या चर्चांतून फुटून निघालेली आहेत. तुमच्या घराजवळचं चर्च १९६० चं असेल तर त्याच्या वहीत आजोबा सापडणार नाहीत, ज्या मूळ चर्चमधून ते निघालं तिथे सापडतील. दुसरं म्हणजे कुटुंब कोणत्या बाजूचं होतं ते घरात विचारा. दमणच्या बाजूचं असेल तर नोंद पोर्तुगीजमध्ये असण्याची शक्यता जास्त, दुसऱ्या बाजूला लॅटिन. नावं त्या भाषेतली शोधा : घरी ज्यांना जुजे म्हणत ते वहीत जोझे किंवा जोसेफुस असतील. आडनावाचं स्पेलिंग दर दहा वर्षांनी बदललेलं दिसेल, त्याने गोंधळू नका. आईवडिलांची आणि धर्ममायबापांची नावं जुळवा.

वहीचा समास नक्की बघा. १९०८ पासून विवाहाची नोंद बाप्तिस्म्याच्या पानावर लिहायची पद्धत सुरू झाली. आजोबांचं लग्न दुसऱ्या गावात झालं असेल तर त्या चर्चचं नाव आणि तारीख तिथेच शाईने लिहिलेली मिळू शकते. म्हणजे आजीच्या घराण्याचाही माग लागतो.

कचेरीत जाताना जन्मसाल दोन-तीन वर्षं मागेपुढे धरून अर्ज लिहा, सणाच्या आठवड्यात जाऊ नका, आणि वही स्वतः उलटायला मागू नका. पानं ठिसूळ झालेली असतात. वही हरवली किंवा वाळवीने खाल्ली असं उत्तर मिळालं, तरच महाधर्मप्रांताच्या अभिलेखागाराला लिहा. गोरेगावला सेमिनरीच्या आवारात महाधर्मप्रांताचं वारसा संग्रहालय आहे, तेही एकदा जाऊन पाहा. तिथे तुमचा दाखला मिळणार नाही, पण आजोबांना ज्या काळात बाप्तिस्मा मिळाला त्या काळातल्या चर्चमधल्या वस्तू मिळतील.