कॅम्पर व्हॅनमधला पाचवा बर्थ आणि आरटीओची नोटीस

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. घरात आम्ही दोघं आणि तीन मुलं. खासगी वापरासाठी नोंदवलेली कॅम्पर व्हॅन आहे. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) चालकासह आसनं ५ आणि बर्थ ४. मुलं मोठी झाली तशी झोपायला जागा पुरेना, म्हणून एका गॅरेजमधून मागच्या पलंगाच्या वर आडवा बंक वेल्डिंग करून बसवून घेतला. खर्च ८५,००० रुपये; त्यातले ४५,००० यूपीआयने दिले, बाकी रोख. पक्कं बिल नाही. ‘हे आतलं फर्निचर आहे, आरटीओची परवानगी लागत नाही,’ असं गॅरेजवाल्यानं व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं. कसारा घाट उतरताना बंकची एक बाजू निसटली. वर झोपलेल्या १२ वर्षांच्या मुलीचा हात मोडला, मागची काच आणि कपाट फुटलं. विनापरवाना बदलाचं कारण देऊन विमा कंपनीनं गाडीचा दावा फेटाळला. अपघातानंतर चलान झालं, आणि आता नोंदणी निलंबित का करू नये अशी आरटीओची नोटीस आली आहे. काय करावं?

सल्ला : तुमच्यापुढे एकाच वेळी चार प्रकरणं आहेत आणि त्यांचा क्रम चुकला तर एक सोडवताना दुसरं बिघडेल. बंक काढावाच लागेल, पण उद्या सकाळी ग्राइंडर घेऊन नाही. गॅरेजविरुद्धचा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे तो बंकच.

आधी कायद्याचं मूळ पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही. बदल म्हणजे काय, हेही त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे: वाहनाच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पडेल असा रचनेतला फेरफार. पडदे, गादी, सुटं टेबल यांना कोणी हात लावत नाही. पण आरसीवर आसनक्षमतेच्या शेजारी झोपण्याच्या जागांचा वेगळा रकाना असतो, आणि रिकाम्या गाडीच्या वजनाचाही. ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर तुमची गाडी उघडून पाहा. पिलरला, म्हणजे छत पेलणाऱ्या खांबाला, वेल्ड केलेला बंक या दोन्ही रकान्यांना खोटं ठरवतो. ‘फर्निचर’ हा गॅरेजवाल्याचा युक्तिवाद इथेच संपतो. जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही कलम ५२ चा अर्थ असाच कडक लावला. खासगी कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन वर्गात येते, तिला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागत नाही, म्हणून असे बदल वर्षानुवर्षं कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. येतात ते अपघातात किंवा गाडी विकताना.

आता क्रम. पहिल्या दिवशी बंकचे फोटो आणि व्हिडिओ काढा: टेप लावून लांबी, रुंदी, उंची, प्रत्येक वेल्ड जवळून, निसटलेल्या बाजूच्या बोल्टची भोकं, आणि बंकमुळे मागच्या खिडकीचा किती भाग झाकला जातो ते. या शेवटच्या फोटोचा विसर पडू देऊ नका. आग लागली किंवा गाडी कलंडली तर बाहेर पडायची वाट अडली होती का, हा मुद्दा ग्राहक आयोगापुढे वजनदार ठरतो. मग परवानाधारक विमा सर्व्हेयर किंवा ऑटोमोबाइल इंजिनिअरला बोलावून गाडी जागेवरच दाखवा आणि दोन पानांचा सही-शिक्क्याचा अहवाल घ्या. त्याला चार गोष्टी नेमक्या विचारा: पाइपची जाडी किती, वेल्ड कशावर केलं आहे, वजन किती वाढलं, आणि बाजू निसटण्याचं कारण काय.

कारण बहुधा असं निघतं. बंकसाठी २५ × २५ मिमीचा, २ मिमी जाडीचा चौकोनी पाइप वापरतात. तो मीटरला साधारण १.४ किलो भरतो. १४ मीटर पाइप म्हणजे २० किलो, १८ मिमी प्लायचा सहा फुटी फळा आणखी १५ किलोच्या आसपास, वर गादी आणि क्लॅम्प. चाळीस किलोंचा सांगाडा आणि त्यावर चाळीस किलोंचं मूल, तेही छताजवळ. हे वजन उभ्या गाडीत पाइप सहज पेलतो. घाटात वळणावर ते आडवं खेचतं, आणि वेल्ड जर खऱ्या पिलरवर नसून बाजूच्या पातळ पत्र्यावर असेल तर पत्रा फाटतो. पत्र्याच्या मागे जाड प्लेट न लावता नुसता बोल्ट मारला असेल तर भोक लंबगोल होत जातं आणि एक दिवस बोल्टचं डोकं आरपार निघतं. भोक लंबगोल दिसतंय का, ते फोटोत यायला हवं.

अहवाल हातात आल्यावर बंक काढा, तोही दुसऱ्या गॅरेजमध्ये, पक्क्या बिलानं. आधी बॅटरीची तार काढायला सांगा. आजच्या गाड्यांतल्या इलेक्ट्रॉनिक युनिटना ग्राइंडर-वेल्डिंगची हलगर्जी महागात पडते. वेल्डचे उरलेले ठोंब पिलरचा पत्रा न खरवडता सपाट करून त्यावर झिंक प्रायमर द्यावा. काढलेला सांगाडा, बोल्टसकट, घरी ठेवा. भंगारात गेला तर केस अर्धी गेली. शेवटी गाडी वजनकाट्यावर नेऊन रिकाम्या वजनाची पावती घ्या. पाण्याची टाकी रिकामी करायला विसरू नका, नाहीतर आकडा आरसीशी जुळणार नाही आणि नवंच लचांड मागे लागेल.

आता नोटीस. ती कलम ५३ खालची आहे. त्यात तुमचं म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय नोंदणी निलंबित करता येत नाही, आणि दोष दाखवून निलंबन झालंच तर ते दोष दूर होईपर्यंत चालतं. म्हणजे वाद घालण्यापेक्षा दोष दूर केल्याचं दाखवणं फायद्याचं. उत्तर नोटिशीतल्या मुदतीत स्पीड पोस्टानं पाठवा आणि एक प्रत कार्यालयात देऊन पोच घ्या. मुदत अहवालाआधीच संपत असेल तर दोन ओळींचा मुदतवाढीचा अर्ज द्या, गप्प बसू नका. उत्तर इतकंच पुरे:

‘माझ्या वाहनातील मागील पलंगावर बसवलेला जादा बंक दि. ___ रोजी पूर्णपणे काढून टाकला आहे. वाहनाची अंतर्रचना नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाप्रमाणे पूर्ववत झाली आहे. काढण्यापूर्वीची व नंतरची छायाचित्रे, बंक काढल्याचे बिल आणि वजनकाट्याची पावती सोबत जोडली आहे. वाहनाची प्रत्यक्ष तपासणी करून सदर कार्यवाही बंद करावी, ही विनंती.’

अपघात कसा झाला, मुलगी कुठे झोपली होती, गॅरेजवाला काय म्हणाला, यातलं काहीही या पत्रात नको. तरीही निलंबनाचा आदेश निघालाच, तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम ५७ खाली अपील करता येतं. दरम्यान गाडी रस्त्यावर आणू नका. निलंबित नोंदणीची गाडी चालवणं हा वेगळा गुन्हा आहे.

चलानाबद्दल. कलम १८२अ च्या पोटकलम ४ नुसार बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘दर बदलामागे’ हे शब्द बघा. बंक, शिडी आणि छतातला दिवा असे तीन बदल मोजले असतील तर हरकत घ्या, कारण शिडी आणि दिवा बंकचाच भाग आहेत. तडजोड शुल्क भरून हे प्रकरण मिटतं आणि तुमच्या बाबतीत मिटवावंच. वेल्ड डोळ्यांना दिसत असताना लढण्यात अर्थ नाही. पण चलान भरल्यानं बंक कायदेशीर होत नाही, आणि विमा कंपनी ती पावती तुमचीच कबुली म्हणून दाखवणार. त्यामुळे आधी पुढचा परिच्छेद वाचा.

गाडीच्या विम्याचा दावा कमजोर आहे, हे स्पष्टच सांगतो. बदल आणि नुकसान यांचा संबंध नसता, समजा कोणी मागून ठोकलं असतं, तर बाजू बरीच भक्कम होती. पॉलिसीची अट मोडली म्हणून दावा सरसकट फेटाळायचा नाही, ठरावीक कपात करून द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये अमलेंदु साहू प्रकरणात म्हटलं आहे. पण ते प्रकरण खासगी गाडी भाड्यानं दिल्याचं होतं. तुमच्याकडे नुकसानीचं कारणच तो बंक आहे. शिवाय नंतर बसवलेली जोडणी जादा हप्ता भरून पॉलिसीत नोंदवलेली नसेल तर बंकचे पैसे मिळायचा प्रश्नच नाही. तरीही काच आणि कपाटापुरती एक लेखी तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करा. नकार आला किंवा महिनाभर उत्तर आलं नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही. नाशिककरांसाठी पुण्याचं कार्यालय. यात पोस्टाच्या खर्चाहून जास्त पैसा घालू नका.

मुलीच्या उपचाराचा आरोग्य विम्याचा दावा मात्र पूर्ण वेगळा आहे. गाडीच्या आरसीशी त्याचा संबंध नाही. तो थांबवून ठेवला असेल तर आजच भरा. अपघाताची हकिगत विचारतील, ती खरी लिहा.

आणि एक कटू गोष्ट. चालत्या गाडीत १२ वर्षांची मुलगी बंकवर झोपलेली होती, हे कायद्याच्या दृष्टीनं तुमच्याच अंगावर येतं. १४ वर्षांखालच्या मुलाला सुरक्षापट्ट्याशिवाय नेल्यास कलम १९४ब खाली १,००० रुपये दंड आहे. रक्कम किरकोळ, पण गॅरेजवाल्याचा वकील पहिला बचाव हाच घेईल: ‘बंक उभ्या गाडीसाठी होता, चालत्या गाडीत वापरला.’ गाडीत आसनं पाच असताना पाचही जण पट्टा लावून बसू शकत होते, याला तुमच्याकडे उत्तर नाही. म्हणून ग्राहक तक्रारीत शारीरिक दुखापतीच्या भरपाईवर भर देऊ नका. बंकचे ८५,०००, काढण्याचा खर्च, काच-कपाट, सर्व्हेयरची फी आणि मनस्तापाची माफक रक्कम, एवढंच मागा. मोठा आकडा मागितला की प्रकरण तुमच्या निष्काळजीपणावर घसरतं.

गॅरेजविरुद्ध तुमची बाजू चांगली आहे. सेवेतली त्रुटी उघड आहे. बिल न देणं हीसुद्धा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. रोख दिलेल्या ४०,००० साठी व्हॉट्सॲपवरचं दराचं बोलणं आणि त्या सुमाराचे एटीएममधून पैसे काढल्याचे तपशील जोडा. गॅरेजवाल्याला नोटीस पाठवताना एक गोष्ट आवर्जून लिहा. मोटार वाहन कायद्यातल्या ‘डीलर’च्या व्याख्येत वाहनांची दुरुस्ती करणाराही बसतो, आणि बांधणीचे नियम मोडून वाहनात बदल करणाऱ्या डीलरला कलम १८२अ च्या पोटकलम १ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वाहनामागे एक लाख रुपये दंड होऊ शकतो. ही ओळ वाचून पुष्कळ गॅरेजवाले फोन करतात. फोनवर बोला, पण ठरलेलं लिहून घ्या.

नोटिशीला १५ दिवस द्या. नाही ऐकलं तर नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. गॅरेज दुसऱ्या गावचं असलं तरी तुम्ही राहता तिथे दाखल करता येते. मुदत घटनेपासून दोन वर्षं, आणि मोबदला पाच लाखांच्या आत असल्यानं फी शून्य. व्हॉट्सॲपच्या छापील प्रतींबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा आणि मूळ फोन बदलू नका. स्क्रीनशॉट काढून संभाषण पुसून टाकणारे पक्षकार वकिलाची झोप उडवतात.

राहिला पाचव्या माणसाच्या झोपेचा प्रश्न. अधिकृत वाट अशी: ज्या बॉडी बिल्डरनं गाडी बांधली त्याच्याकडे त्याच मॉडेलचा पाच बर्थचा मंजूर आराखडा आहे का, ते लेखी विचारा. असेल तर काम त्याच्याकडूनच करून घ्या, वाहन पोर्टलवर बदलाचा अर्ज, आरटीओची तपासणी आणि आरसीत नोंद, या क्रमानं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्या. आराखडा नसेल तर एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, आतल्या साहित्याला आग लवकर लागू नये म्हणून आयएस १५०६१ ची चाचणी आहे. एका गाडीतल्या एका बर्थसाठी हा खर्च करू नये, असं माझं मत.

त्यापेक्षा दरवाजाला लागून जमिनीवर उभारायचा तंबू घ्या, किंवा पुढच्या दोन आसनांवर आडवी पडणारी सुटी कापडी झोळी. तिला गाडीत एकही भोक पाडावं लागत नाही आणि निघताना ती घडी होऊन डिकीत जाते. विकत घेताना झोळीवरची वजनमर्यादा वाचा. बऱ्याच झोळ्या लहान मुलांपुरत्याच असतात. टपावरच्या तंबूचा मोह टाळा, त्यात कॅरिअर, उंची आणि वजन हे तिन्ही प्रश्न पुन्हा उभे राहतात.