उणे 30, हाफ चड्डी आणि सासूबाई

पत्र: आम्ही दीड वर्षापूर्वी पुण्याहून कॅनडात विनिपेगला आलो. इथल्या लोकांचं आणि थंडीचं काय गूळपीठ आहे कळत नाही. समोरचे काका उणे 18 मध्ये हाफ चड्डीत कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला येतात आणि वर आम्हाला हात करतात. नवरा आणि मी खिडकीतून बघून पोट धरून हसतो. पण आता आमचा आठ वर्षांचा मुलगाही जॅकेटची चेन उघडी टाकून फिरायला लागलाय, 'सगळे असंच करतात' म्हणतो. त्यात शाळा मधल्या सुट्टीत मुलांना बर्फात बाहेर काढते. साताऱ्याहून सासूबाई-सासरे आलेत. सासूबाई म्हणतात, शाळेला चिठ्ठी दे, लेकराला आत बसवा म्हणावं. देऊ का?

उत्तर: चिठ्ठी देऊ नका. कारण पुढे सांगते, आधी हसण्याचं बघू.

मनसोक्त हसा. इथली माणसं स्वतःच्या थंडीवर तुमच्याआधी हसतात. 'विंटरपेग' हे गावाचं टोपणनाव तेच मिरवतात. उणे 30 ला बसथांब्यावर पापण्यांवर बर्फ जमलेला एखादा आजोबा तुम्हाला सांगेल, 'पण ही कोरडी थंडी आहे हो, टोरांटोसारखी दमट नाही.' वाद घालू नका, मान डोलवा. बर्फाचा चुरा घातलेली स्लर्पी हे लोक जानेवारीतही पितात, आणि त्यातल्या पराक्रमाबद्दल ती विकणाऱ्या सेव्हन-इलेव्हन या दुकानांच्या कंपनीने मॅनिटोबाला, म्हणजे आपल्या प्रांताला, वर्षानुवर्षं स्लर्पीची जागतिक राजधानी म्हणून मिरवलंय. अशा गावात थंडीचं सुतक पाळून चालत नाही.

प्रश्न आहे तो नक्कल कुणाची करायची याचा. हाफ चड्डीतले काका बाहेर असतात ते मिनिटभर. एकवीस अंशांच्या घरातून निघायचं, डबा ठेवायचा, आत पळायचं. मॉलबाहेर टी-शर्टात उभी असलेली कॉलेजची पोरंही तापलेल्या गाडीतून उतरलेली असतात. हेच काका शनिवारी सेलकर्कला गोठलेल्या रेड नदीवर भोक पाडून मासे धरायला निघतात तेव्हा त्यांना नीट बघा. अंगाला चिकटून लोकरीचा थर, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारा पार्का म्हणजे टोपीचा जाड कोट, पायात ढोपराखालपर्यंत बूट, हातात मिटन, म्हणजे चारही बोटं एकत्र राहणारे हातमोजे. ही नक्कल करण्याजोगी. मुलाला तुम्ही शंभर वेळा सांगण्यापेक्षा काकांनाच एकदा दाखवायला सांगा की ते नदीवर काय घालून जातात. शेजाऱ्याचं ऐकेल, आईचं नाही.

आता शाळा. बाहेर पाठवायचं की नाही हे तिथल्या बाई मनानं ठरवत नाहीत. विनिपेगच्या शाळांमध्ये वाऱ्यासकट जाणवणारं तापमान साधारण उणे 27-28 च्या खाली गेलं की मधली सुट्टी आत होते. हा आकडा हवेतून आलेला नाही. कॅनडाच्या हवामान खात्याच्या तक्त्याप्रमाणे हे वाऱ्यासकटचं तापमान, म्हणजे 'विंडचिल', उणे 28 ते उणे 39 असेल तर उघड्या कातडीला 10 ते 30 मिनिटांत हिमदंश होऊ शकतो, उणे 40 ते 47 ला 5 ते 10 मिनिटांत, आणि त्याखाली आणखी लवकर. सकाळी मोबाइलवर नुसतं तापमान बघू नका, विंडचिल बघा. उणे 20 ला वारा नसेल तर पोरं मजेत घसरगुंडी खेळतात. उणे 20 ला प्रेअरीवरचा, म्हणजे इथल्या सपाट गवताळ माळावरचा, वारा सुटला तर मोठ्या माणसाच्याही कपाळात कळ जाते.

मुलाला एकट्याला आत बसवलंत तर हिमदंश टळेल, पण दोस्त जातील. इथली मैत्री बर्फाच्या ढिगाऱ्यावरच होते. त्यापेक्षा त्याचे कपडे बघा. सुती बनियन आणि सुती मोजे पुण्याला ठीक. इथे घाम सुतात मुरतो आणि तोच अंग गार करतो. आतला थर लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर्मल हवा. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा मिटन गरम, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. मफलर नको, खेळताना घसरगुंडीत अडकतो. डोक्यातून घालायची गळपट्टी द्या. दप्तरात कोरड्या मिटनची दुसरी जोडी टाका, पहिली मधल्या सुट्टीत भिजणारच. आणि चेन! जॅकेटच्या चेनला मोठी दोरी किंवा कडी लावून द्या, मिटन घातल्या हातानं ओढता येईल अशी. निम्मी पोरं चेन उघडी ठेवतात ती ऐटीत नव्हे, चेन हाती लागत नाही म्हणून.

एक गोष्ट मात्र घरात लागलीच बदला. फुगीर जॅकेट घालून मुलाला गाडीतल्या सीटमध्ये बांधू नका. धडक बसली की जॅकेट चेपतं आणि पट्टा सैल पडतो. इथल्या जुन्या आया जॅकेट काढून पट्टा घट्ट बसवतात आणि वरून पांघरूण घालतात. दोन मिनिटांचा वैताग आहे, करायचा. आणि लोखंडी खांबाला जीभ लावायची पैज मुलं लावतात, हे त्याला आधीच सांगून ठेवा. जीभ चिकटलीच तर ओढायची नाही, कोमट पाणी ओतायचं.

सासऱ्यांनी एव्हाना गाड्यांच्या नाकातून लोंबणारी विजेची वायर बघितली असेल आणि कॅनडात सगळ्या गाड्या विजेवर चालतात असा निष्कर्ष काढला असेल. ती इंजिन गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरची वायर. उणे 15-20 च्या खाली तेल घट्ट होतं, बॅटरीचा जीव अर्धा होतो, म्हणून पार्किंगमध्ये प्लग असतात. रात्रभर लावून वीज जाळू नका. टायमर घ्या, निघण्याआधी तीन-चार तास पुरतात. वायर बाहेर वापरायचीच घ्या, आणि निघताना ती काढायला विसरू नका, हा इथला सार्वजनिक विनोद आहे. पहिली दोन मिनिटं गाडी धडधडली तर घाबरू नका, रात्रभर उभं राहून टायर खालून चपटे होतात. लोक त्याला चौकोनी टायर म्हणतात आणि तसेच निघतात. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून गरम करत बसणं मात्र जिवावर बेततं, त्यावर हसायचं काही नाही. डिकीत फावडं, ब्लँकेट, थोडी वाळू आणि पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती-काडेपेटी असू द्या. गावाबाहेर हायवेवर अडकलात तर खिडकी जराशी उघडी ठेवून ती एक मेणबत्तीसुद्धा थोडी ऊब देते.

सासूबाईंना दोन गोष्टी सांगा, गोडीनं. नातवाचं नाक किंवा गाल पांढरेफटक पडले, बधीर झाले तर तेल लावून चोळायचं नाही. आपल्याकडे चोळणं हे सगळ्या दुखण्यांवरचं औषध, पण हिमदंशात कातडी आणखी फाटते. आत आणायचं, गालावर कोमट हात ठेवायचा, बोटं असतील तर कोमट पाण्यात. हीटरपुढे धरायची नाहीत. कातडी मऊ व्हायची सोडून कडकच राहिली किंवा फोड आले तर डॉक्टर. दुसरं, घरातली हवा घर तापवणाऱ्या भट्टीनं इतकी कोरडी होते की नाकातून रक्त येतं आणि नायलॉनच्या साडीला हात लावला की चटका बसतो. खोलीत ह्युमिडिफायर, म्हणजे हवा दमट ठेवणारं यंत्र, ठेवा. खोबरेल मात्र अंगाला जरूर लावा, तिथे त्यांचंच बरोबर आहे.

म्हाताऱ्या माणसांना चार महिने घरात कोंडू नका, ती थंडीपेक्षा भिंतींनी आजारी पडतात. डाउनटाउनला बंदिस्त पुलांवरून इमारतीतून इमारतीत फिरवा. पोर्टेज आणि मेन या दोन रस्त्यांचा चौक दाखवा. वाऱ्यासाठी बदनाम असलेल्या त्या चौकात 1979 पासून पायी रस्ता ओलांडायला बंदी होती, सगळे भुयारातून जायचे, आणि 2025 च्या जूनमध्ये तो पुन्हा खुला झाला. भर हिवाळ्यात तिथून चालत जायची परवानगी मिळाली म्हणून खूश होणारी माणसं सासऱ्यांना बघायला आवडतील. फोर्क्सला दोन नद्या मिळतात तिथे गोठलेल्या पाण्यावर लोक स्केटिंग करतात, कडेला शेकायला आडोसे असतात. फेब्रुवारीत गावातल्या सेंट बोनिफेस भागात फेस्टिव्हल दु व्हॉयाजर हा हिवाळी उत्सव भरतो: बर्फाच्या मूर्ती, फिडलवर नाच, आणि दाढी वाढवायची चक्क स्पर्धा. मेपलचा पाक बर्फावर ओतून काडीला गुंडाळून देतात, तो सासूबाईंना नक्की आवडेल, चिक्कीत वाढलेल्या बाईला तो पटकन कळतो.

आणि संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा घरीच ठेवा. 14 जानेवारी म्हणजे इथला ऐन कडाका, काळी साडी नेसायला याहून रास्त कारण साताऱ्यातही मिळणार नाही. बायकांना सांगा, साडीखाली थर्मल, पायात बर्फाचे बूट, पैठणी नेसली तरी. बूट काढायला दारात मोठा ट्रे ठेवा. समोरच्या काकांच्या बायकोलाही बोलवा, आणि वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटण्यापेक्षा लोकरी मोजे लुटा. काकांसाठी एक जोडी जास्त द्या, चड्डीबद्दल काही बोलू नका.