जांभळ्या गराचा बटाटा : बेणे घेण्याआधी एक कापून पाहा

प्रश्न : ‘कुफरी नीलकंठ’चे बेणे मिळते आहे. आतूनही जांभळा निघतो म्हणतात. एकरभर लावावा का? (खेड तालुक्यातील एक शेतकरी)

उत्तर : राम राम. आधी गल्लत दूर करू. नीलकंठची साल जांभळी, पण गर फिकट पिवळसर. गरासकट जांभळा तो ‘कुफरी जामुनिया’. दोन्ही वाण केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे, शिमल्याचे. बेणे विकणारा काहीही सांगो, गोणीतला एक बटाटा विळीवर धरा. आत पिवळट दिसला, तर जामुनियाचा भाव देऊ नका.

जामुनिया साधारण 90 दिवसांत तयार होतो, हेक्टरी 32 ते 35 टन उत्पादन सांगितले जाते. हा आकडा चांगल्या थंडीतला. रात्रीचे तापमान 20 अंशांच्या वर राहिले की पाला माजतो, कंद पोसत नाही. म्हणून खरिपात धरू नका, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावा. आणि एकरभर नको. दोन गुंठ्यांना 50 किलोंची एक गोणी पुरते, यंदा तेवढेच करा.

अंतर 60 बाय 20 सेंमी, कंद 30 ते 40 ग्रॅमचा. खत, पाणी नेहमीच्या बटाट्यासारखेच. ढगाळ हवेत, धुके पडले की करपा यायची वाट न पाहता मॅन्कोझेब हे बुरशीनाशक 25 ग्रॅम 10 लिटर पाण्यातून फवारा.

खरी काळजी भर लावण्याची, म्हणजे बुंध्याशी माती चढवण्याची. उघडा पडलेला बटाटा उन्हाने हिरवा होतो, त्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढते. पांढऱ्या सालीवर हिरवेपणा लगेच दिसतो, जांभळ्या सालीवर लपून जातो. लावणीनंतर तिसाव्या दिवशी नत्र खताचा उरलेला हप्ता देऊन भरघोस माती चढवा, वरंबा भेगाळला की पुन्हा झाका. काढणीआधी 10-12 दिवस पाला कापा, म्हणजे साल पक्की होईल.

प्रश्न : विकायचा कुठे?

उत्तर : लावण्याआधी हे ठरवा. आडतीवर अनोळखी रंगाच्या मालाला भाव पाडून मागतात. हॉटेलवाले, शहरातली थेट गिऱ्हाइके आधी बोलून ठेवा. त्यांना हेही सांगा : रंग अँथोसायनिन या नैसर्गिक रंगद्रव्याचा, तो पाण्यात उतरतो. चिरून उकडला तर पाणी जांभळे आणि भाजी फिकी. सालीसकट अख्खा वाफवावा. सोडा तर अजिबात घालू नये, भाजी निळी-हिरवी दिसते आणि गिऱ्हाईक बटाटा नासका म्हणून परत आणते.