पूर्ण टक्कल पडल्यावर केस बसवून उपयोग होतो का?

हा प्रश्न माझ्याकडे बहुधा लग्नाच्या निमित्तानं येतो. यवतमाळ जिल्ह्यातला एक तिशी ओलांडलेला शेतकरी आईला घेऊन आला होता. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. दोन सोयरिकी जुळता जुळता राहिल्या होत्या. आई म्हणाली, "मॅडम, हा कोनाच्या लग्नाले जात नाही. शहरातला क्लिनिकवाला म्हनते, पूरं डोकं भरून देतो. एक एकर वावर गहाण ठेवाव म्हनतो आमी."

दुपट्टा सोडायला मी सांगितलं नाही. बऱ्याच वेळानं त्यानं स्वतःच सोडला. कपाळापासून पार टाळूच्या मागेपर्यंत केस नव्हते, कानांच्या वर आणि मागे तेवढा पट्टा उरलेला. पुरुषी टकलाच्या नॉरवूड श्रेणीत 7 पायऱ्या असतात, ही त्यातली जवळपास सहावी.

मी त्याला आधी हे समजावलं, की रोपणात नवा केस तयार होत नाही, फक्त त्याची जागा बदलते. मागच्या पट्ट्यातल्या मुळांवर टक्कल आणणाऱ्या संप्रेरकाचा परिणाम फारसा होत नाही आणि ती पुढे नेऊन लावली तरी हा गुण टिकतो. नॉर्मन ओरेंट्राइख या अमेरिकी डॉक्टरांनी 1950च्या दशकात हे दाखवून दिलं. पण मागून काढलेलं मूळ तिथे पुन्हा उगवत नाही. बहुतेकांच्या डोक्यातून आयुष्यभरात साधारण 4 ते 6 हजार ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढलेले केसांचे बारीक पुंजके, मिळतात, एकेका ग्राफ्टमध्ये 1 ते 4 केस. एवढं टक्कल पहिल्यासारखं दाट करायला ते पुरत नाहीत, कितीही पैसे मोजले तरी.

तो लगेच म्हणाला, "म्हनजे वाफ्यात रोप थोडं अन् वावर मोठं." अगदी तसंच.

आईनं शेगावचं काढलं. 2025च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळले होते, तसं याचं असेल का? नाही. ती काही दिवसांतली गळती होती, याचे केस वर्षानुवर्षं विरळ होत गेले.

मग मी त्याला विचारलं, केस आले तर काय बदलेल? बराच वेळ तो गप्प होता. "मानसं बोलतात माह्याशी, पन डोये माह्या डोक्यावर असतात." माझ्या मते खरं दुखणं इथे होतं, आणि पुढच्या भेटींत आम्ही केसांपेक्षा त्यावरच जास्त बोललो. तो दुपट्टा न बांधता बाजारात गेला, मग चुलतभावाच्या हळदीला गेला. स्थळ येईल तेव्हा फोटो आत्ताचाच द्यायचा, हे त्यानं स्वतः ठरवलं.

रोपणाचा विचार सोड, असं मी म्हटलं नाही. ती आशा मोडायचा मला अधिकार नाही. पण तपासणी आधी, गहाणखत नंतर, यावर मी अडून बसले. मेडिकल कॉलेजातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी मागचा पट्टा तपासला. केस जाड आहेत, पुढचा भाग आणि मधला थोडा विरळसा झाकता येईल, टाळू तशीच ठेवावी लागेल, असं त्यांनी सांगितलं. पट्टाच विरळ असता तर त्यांनी नकोच म्हटलं असतं. मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड ही औषधं उरलेले केस टिकवायला मदत करतात, जुनं गुळगुळीत टक्कल त्यांनी भरत नाही.

तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त गाठायचा आईचा बेत होता, तोही जमणारा नव्हता. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात आणि पुरतं रूप दिसायला वर्ष जातं.

शस्त्रक्रिया कोण करणार, हे तोंडावर विचारायला मी त्याला शिकवलं. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं 2022 साली स्पष्ट केलं आहे की हे काम प्रशिक्षित डॉक्टरचं, तंत्रज्ञानं फक्त मदत करायची. त्यानं फोन करून तेच विचारलं. क्लिनिकवाल्यानं डॉक्टरचं नाव सांगितलं नाही, तेव्हा त्यानं तिथला नाद सोडला.

वावर गहाण पडलं नाही. तूर निघाल्यावर पैसे उरले तर फक्त पुढचा भाग करायचा, असं तो म्हणतो. आई अजून विचारते, "टाळूवर थोडेसे तरी येतीन ना?" मी तिला नाहीच सांगते.