जुना ॲनालॉग रेडिओ स्कॅनर, म्हणजे वायरलेसवरचं बोलणं ऐकायचा रिसीव्हर, घेऊ का?

आधी कशासाठी हवाय ते ठरव. पोलिसांचं ऐकायला म्हणत असशील, तर नाद सोड. एक तर तो गुन्हा. दुसरं, डिजिटल बोलणं ॲनालॉग स्कॅनरवर नुसतं घरघरतं, आणि एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद सांकेतिक, असेल तर महागडा डिजिटल स्कॅनरही हात टेकतो.

पण ॲनालॉग मेलेलं नाही. विमानं अजून ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर साध्या एएमवरच बोलतात. हॅम मंडळी, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं वायरलेसवर बोलणारे, १४४ ते १४६ वर एफएम वापरतात. अंतराळ स्थानकातून शाळांतल्या पोरांशी गप्पा होतात त्या १४५.८०० वर, स्थानक डोक्यावर असतं जेमतेम दहा मिनिटं.

मी तुझ्या जागी असतो तर आधी आरटीएल-एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरच्या यूएसबीत लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) घेतला असता. सिग्नल स्क्रीनवर डोळ्यांना दिसतो, शिकायला बरं. अँटेना मात्र गच्चीवर ने. आमच्या शेजारी यंत्रमाग सुरू झाले की खोलीत नुसती खरखर यायची. गच्चीवर अर्ध्या मीटरची तार उभी केली, तेव्हा कुठे आवाज मोकळा झाला. (सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्यावर हात भाजले, ते वेगळं.)

आणि वायरलेस संचांना आपल्याकडे नियम आहेत, ते वाच. हॅमच्या परीक्षेचा फॉर्म भर, अभ्यासाला संध्याकाळी ये.